बारा जण आणि ऑगस्ट महिना

फँटसी बेसबॉलची लीग काढायला फार तर अर्धा तास लागतो. साइटवर जायचं, लीगला काहीतरी चावट नाव द्यायचं, बारा जणांना ईमेल टाकायची... झालं! एप्रिलमध्ये सगळे रोज सकाळी उठून आधी आपल्या टीमचे आकडे बघतात, दात नंतर घासतात. मे महिन्यात एकमेकांना टोमणे. जूनमध्ये थोडे कमी टोमणे. आणि ऑगस्टमध्ये बारापैकी पाच टीम मेलेल्या असतात. कोणी लक्ष देत नाही, जखमी खेळाडू तसेच बसवलेले, आणि लीग पुढच्या वर्षी भरत नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक लीग अशाच गेल्या.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. परवा त्याचा मेसेज आला. "मामा, तुझ्या लीगचे नियम पाठव ना, आम्हाला ऑफिसात काढायची आहे." मी आमची चार पानी फाइल पाठवली. दोन मिनिटांत उत्तर, "एवढे? अरे गंमत म्हणून खेळतोय आम्ही!" आता याला फोनवर काय समजावणार? म्हणून इथे लिहितोय. आमची लीग २००६ पासून चालू आहे, तेवढा अधिकार मला आहे असं मी समजतो.

घरच्या मंडळींसाठी आधी थोडक्यात. (ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद खुशाल गाळावा.) अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचे ३० संघ आहेत. प्रत्येक संघ मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. आपण बारा मित्रांनी या खऱ्या खेळाडूंचा लुटुपुटीचा लिलाव करायचा. प्रत्येकाकडे २६० काल्पनिक डॉलर आणि त्यात २३ खेळाडू घ्यायचे. मग ते खेळाडू खऱ्या मैदानावर जे काही करतील ते आपल्या खात्यात जमा. फलंदाजीचे पाच रकाने असतात: सरासरी, रन, होमरन, आरबीआय (आपल्या फलंदाजामुळे निघालेल्या रन) आणि चोरलेल्या बेस. पिचरचेही पाच: विजय, सेव्ह, स्ट्राइकआउट आणि दोन सरासऱ्या, ज्या जितक्या कमी तितक्या चांगल्या. प्रत्येक रकान्यात बारा जणांची क्रमवारी लावायची. पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. दहा रकाने, म्हणजे जास्तीत जास्त १२० गुण. याला म्हणतात रोटिसरी, लाडाने रोटो.

हे नाव एका हॉटेलचं बरं का! डॅनियल ओक्रेंट नावाच्या संपादकाला १९७९ साली विमानप्रवासात ही कल्पना सुचली आणि १९८० च्या हंगामात न्यूयॉर्कच्या मित्रमंडळींत पहिली लीग झाली. ही मंडळी ज्या ठिकाणी जेवायला जमायची ते 'ला रोटिसरी फ्रान्सेझ'. ते रेस्टॉरंट केव्हाच बंद झालं, नाव मात्र राहिलं. त्यांचे रकाने आठच होते, रन आणि स्ट्राइकआउट नंतर आले. पण २६० डॉलर आणि २३ खेळाडू हा हिशेब त्यांचाच, तो आजही चालतो. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर यू-हू नावाचं चॉकलेटचं पेय ओतायची प्रथाही त्यांचीच. आणि गंमत म्हणजे ज्याने हा खेळ शोधला त्या ओक्रेंटला स्वतःच्या लीगमध्ये कधीच जिंकता आलं नाही. तरी तो खेळत राहिला! लीग चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लिहून ठेवावं असं मला वाटतं.

तर आता मुद्दा. लीगचे नियम जिंकणाऱ्यासाठी करायचे नसतात. जिंकणारा कसल्याही नियमांत खेळतो, त्याला मजा येतच असते. नियम करायचे ते दहाव्या नंबरवर बसलेल्या माणसाकडे बघून. त्याने ऑगस्टमध्ये टीम का चालवावी, याचं उत्तर तुमच्या चार पानांत सापडलं पाहिजे.

लोक म्हणतात, दहाव्या नंबरवाला खेळला काय, न खेळला काय, काय फरक पडतो? रोटोमध्ये फार पडतो. समजा त्याचे सेव्ह आहेत ६० आणि पहिल्या नंबरासाठी झगडणाऱ्या एकाचे आहेत ५८. दहाव्याने टीम सोडून दिली की तो साठावरच अडकणार. झगडणारा आठवड्याभरात त्याच्या पुढे जाणार आणि एक गुण फुकट मिळवणार. त्याच्याशी बरोबरीत असलेल्या दुसऱ्याला हा गुण मिळत नाही, कारण त्याचे सेव्ह आधीच ७५ आहेत. आमच्याकडे दोन वेळा विजेतेपद एका गुणाच्या आत ठरलंय. म्हणजे बघा, सहा महिने डोकं खाऊन खेळलेली स्पर्धा कोण जिंकणार हे ठरवतो कोण, तर जो जुलैत कंटाळून निघून गेला तो!

आपल्याकडे भिशी चालते ना, अगदी तसं. भिशीत हुशार माणूस लागत नाही, श्रीमंत तर नाहीच लागत. आपला नंबर लागून गेल्यावरही दर महिन्याला निमूट पैसे आणून देणारा माणूस लागतो. आमच्या सोसायटीतल्या काकू नव्या बाईला भिशीत घेताना तिच्या नवऱ्याचा पगार विचारायच्या नाहीत, ती वाण्याचं बिल वेळेवर देते का ते विचारायच्या. लीगसाठी माणसं निवडताना मीही तेच बघतो. बेसबॉल कमी कळला तरी चालेल. ईमेलला उत्तर देतो का? वाढदिवसाला सांगून न येणाऱ्यांपैकी आहे का? आमच्या बारा जणांत एकाला पहिली दोन वर्षं शॉर्टस्टॉप म्हणजे काय तेही नीट माहीत नव्हतं. तो अजून आहे. बेसबॉलचा चालताबोलता कोश असलेला एक जण तिसऱ्या वर्षीच गळला.

आता कोणी म्हणेल, मग रोटो कशाला, दर आठवड्याला दोघांची कुस्ती लावणारा हेड-टू-हेड प्रकार घ्या. तो लोकप्रिय आहे, मान्य. दर सोमवारी नवा डाव, ताजी खुन्नस. पण शेवटी बाद फेरी असते आणि तिच्यात जायची आशा संपली की माणूस मोकळा. शिवाय बेसबॉलमध्ये एका आठवड्यात काहीही होऊ शकतं, थोर फलंदाजही सात दिवस कोरडा जातो. १६२ सामन्यांचा खेळ सात दिवसांत मोजायचा हे मला पटत नाही. असो, ज्याची त्याची आवड.

शेवटच्या नंबराला शिक्षा देणाऱ्या लीगही खूप आहेत. हरणाऱ्याने रस्त्यावर लिंबू-सरबत विकायचं, विचित्र कपडे घालून ऑफिसला जायचं, कुठे कुठे तर म्हणे टॅटू! ऐकायला मजा वाटते. पण माझा याला विरोध आहे. एप्रिलमध्ये तुमच्या दोन पिचरांची कोपरं गेली तर तुम्ही तळालाच जाणार, त्यात तुमचा काय गुन्हा? हरणाऱ्याला शिक्षा केली की तळातली माणसं भीतीने नव्हे, लाजेने लांब जातात. आमच्याकडे दंड आहे तो गैरहजेरीला. सलग दोन आठवडे टीमला हात लावला नाही आणि जखमी माणूस खेळवत ठेवला, तर पुढच्या वर्षीच्या लिलावात २६० मधले ५ डॉलर कमी. आणि उलट बाजूने, बक्षीस नसलेल्या नंबरांत जो सगळ्यात वर, म्हणजे चौथा, त्याला पुढच्या वर्षी ५ डॉलर जास्त. त्यामुळे सातव्याला सहावं व्हायचं असतं, सहाव्याला पाचवं. पाच डॉलर म्हणजे लिलावात काय असतात ते ज्याने शेवटच्या एका डॉलरने एखादा खेळाडू गमावलाय त्याला विचारा.

या दंडाला २०१७ मध्ये एक पुरवणी जोडली. आमच्यातला एक जण २०११ मध्ये पुण्याला परत गेला. लीग त्याने सोडली नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याची टीम हलायची थांबली. एक सोमवार गेला, दुसरा गेला. हा माणूस म्हणजे सामना पहाटे साडेचारला सुरू होतो म्हणून अलार्म लावून उठणारा! ग्रुपवर दोघा-तिघांनी ठरल्याप्रमाणे टिंगल केली, "दंड, दंड" वगैरे. मला ते बरोबर वाटेना म्हणून फोन केला. त्याचे वडील अठरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. काय सांगणार आणि इतक्या लांबून तुम्ही काय करणार, म्हणाला. खरंच, काय करणार होतो? पण त्या रात्री आम्ही दीड तास बोललो, दहा वर्षांत बोललो नव्हतो इतकं. नंतर एकेक करून बाकीच्यांनीही फोन केले. त्याच्याशी वर्षभर ज्याचं बोलणं नव्हतं त्यानेही.

टीम त्या काळात कॅलिफोर्नियावाल्याने सांभाळली. तो स्वतः तेव्हा दुसऱ्या नंबरवर होता. दर सोमवारी आपली टीम लावून झाली की तो पुण्याची लावायचा, इमानदारीत, जो पिचर खेळवायला हवा तोच खेळवायचा. त्या पिचरांनी स्ट्राइकआउटच्या रकान्यात त्याच्याच टीमला मागे टाकलं. तो शेवटी दुसराच राहिला. पुण्याचे काका दिवाळीआधी घरी आले, आणखी तीन वर्षं होते.

तेव्हापासून नियम असा: दंडाआधी फोन. मेसेज नाही, फोन. आणि तो कमिशनरनेच करायचा. भाच्या, चार पानांतलं हे अर्ध्या ओळीचं कलम तुला फालतू वाटलं असेल. बाकी सगळं बदललंस तरी चालेल, हे ठेव.

आता भांडणांकडे. लीग दोन गोष्टींनी मोडते, कंटाळ्याने आणि ट्रेडने. आमची लीग 'कीपर' आहे, म्हणजे तीन खेळाडू पुढच्या वर्षासाठी त्याच किमतीत राखता येतात. त्यामुळे तळातला माणूस जुलैमध्ये आपला महागडा तारा वरच्याला देतो आणि त्याच्याकडून स्वस्तातला पोरसवदा खेळाडू घेतो, पुढच्या वर्षासाठी. दोघांचाही फायदा. बाकीच्या दहा जणांचा मात्र जळफळाट! २०१४ मध्ये डेट्रॉइटवाल्याने असे एकदम दोन तारे बॉस्टनवाल्याला दिले. हे दोघं कॉलेजचे रूममेट, त्यामुळे "साटंलोटं" हा शब्द ईमेलमध्ये आला. मराठीतून आला, मग त्याचं भाषांतर आमच्या अमेरिकन मेंबरांना करून द्यावं लागलं आणि ते मूळ शब्दापेक्षा जास्त झोंबलं. त्या काळी ट्रेड रद्द करायला मतदान होतं. आठ विरुद्ध दोन मतांनी ट्रेड रद्द झाला आणि डेट्रॉइटवाला त्या हंगामानंतर गेला. लीगमधून गेला, लग्नसमारंभातूनही गेला.

मतदानाने ट्रेड रद्द करण्याच्या मी तेव्हापासून पक्का विरोधात आहे. वरवर लोकशाही दिसते, पण मत देणारा प्रत्येक जण प्रतिस्पर्धी असतो. ट्रेड चांगला की वाईट हे तो बघत नाही, त्याने आपलं नुकसान होतंय का ते बघतो. क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय क्षेत्ररक्षकांच्या बहुमताने द्यावा, तसलाच प्रकार. आता आमच्याकडे ट्रेड रद्द होतो तो फक्त उघड संगनमत असेल तर, आणि तो निर्णय एकटा कमिशनर घेतो. कमिशनरचाच ट्रेड असेल तर हंगामाआधीच नेमलेला दुसरा माणूस घेतो. मूर्खपणाचा ट्रेड करायचा हक्क प्रत्येकाला आहे! फक्त 'टाकाऊ' ट्रेडला लगाम म्हणून ट्रेडची मुदत १५ जुलैला संपवतो, तेव्हा तळातल्यालाही अजून वर यायची थोडी आशा असते.

हे सगळं आधी लिहून ठेवायचं. भांडण झाल्यावर केलेला नियम हा नियम नसतो, तो निकाल असतो. शोहेई ओहतानीचंच घ्या. हा गृहस्थ २०१८ मध्ये जपानहून आला, फलंदाजीही करणार आणि पिचिंगही. असला प्राणी कोणत्याच लीगच्या नियमांत बसत नव्हता. याहूने त्याचे सरळ दोन तुकडे केले, एक फलंदाज ओहतानी आणि एक पिचर ओहतानी. आमच्या लिलावात एकाने त्याची बॅट घेतली आणि दुसऱ्याने त्याचा हात. त्याच्या एकाच दुखापतीने दोघांच्या घरी सुतक! पण हे लिलावाआधी ठरलं होतं म्हणून कोणी हूं का चूं केलं नाही. २०२४ मध्ये तो पिचिंग न करता ५४ होमरन आणि ५९ बेस चोरून बसला, तेव्हा ज्याच्याकडे हात होता त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, ते सोडा. तसंच २०२० चं. हंगाम जुलै २३ ला सुरू झाला आणि फक्त ६० सामन्यांचा. आम्ही त्या वर्षी बक्षीस रद्द केलं, कीपरही पुढे ढकलले, आणि नुसतं खेळलो. घरात कोंडलेल्या बारा माणसांना रोज संध्याकाळी आकडे बघायला मिळाले हे काय कमी होतं?

राहिला पैशाचा विषय, जो आईच्या जिव्हाळ्याचा आहे. :-) ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, ड्रीम११ वाल्यांनी पैसे लावायच्या स्पर्धा बंद केल्या, टीम इंडियाच्या छातीवरचं त्यांचं नावही गेलं. दुसऱ्या दिवशी आईचा फोन, "बंद झाला ना रे एकदाचा तुझा जुगार?" आई, तो वेगळा आणि हा वेगळा. तिथे एका संध्याकाळचा संघ लावायचा, समोर अनोळखी लाखो लोक, रात्री हिशेब, उद्या पुन्हा. अमेरिकेतही असले रोजच्या रोज खेळायचे प्रकार आहेतच. आमच्यात प्रत्येकी वीस डॉलर, तेही वर्षातून एकदा, सहा महिन्यांनी हिशेब आणि समोर सगळे ओळखीचे. वीसच का? फुकट असेल तर माणूस विसरतो. दोनशे असतील तर मित्र उरत नाहीत. आमच्यातल्या दोघांनी एकदा पाचशेची टूम काढली होती. म्हटलं, ज्या दिवशी एखाद्याला बायकोपासून रक्कम लपवावी लागेल त्या दिवशी मी कमिशनरकी सोडीन. विषय तिथेच मिटला.

बाकीचं किरकोळ आहे, पण सांगून टाकतो. टीम रोज बदलायची मुभा देऊ नका, आठवड्यातून एकदा, सोमवारी. रोजची मुभा असली की ज्याला घरी लहान मूल आहे तो हरतो आणि ज्याला काही काम नाही तो जिंकतो. लिलाव शक्य तोवर एकाच वेळी, सगळ्यांनी हजर राहून करा, संगणकावर सोडून देऊ नका. चार तास जातात, पण वर्षभराच्या गप्पांचं भांडवल तिथेच जमतं. आमचा लिलाव मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आधीच्या रविवारी असतो, न्यूयॉर्कच्या सकाळी ९ ला. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा, तिथे चहा आणि भजी. कॅलिफोर्नियात सकाळचे सहा, तिथे नुसत्या शिव्या.

डेट्रॉइटवाल्याची जागा आम्ही २०१५ मध्ये भरली, पण फाइलच्या शेवटच्या पानावर त्याचा ईमेल अजून आहे. दरवर्षी फेब्रुवारीत लिलावाची तारीख कळवतो तेव्हा मी ती त्यालाही पाठवतो. अजून उत्तर आलेलं नाही. ईमेल परतही आलेली नाही.